तोंड आणि कान

एकाच छपराखाली राहणाऱ्या दोघांना एकमेकांचे काही ऐकू जाऊ नये, हा प्रकार माणसांच्या बाबतीत नवा नाही. पण त्यासाठी भांडण लागते. निदान अबोला तरी धरावा लागतो. संगणकांना त्याचीही गरज लागत नसे. दोन संगणक एकाच टेबलावर खांद्याला खांदा लावून वर्षानुवर्षे बसत आणि एकाला दुसऱ्याच्या अस्तित्वाचा गंधही नसे. एकाच्या पोटात पन्नास पत्रे लिहून तयार असत, दुसऱ्याला छपाईयंत्र जोडलेले असे. पण मध्ये कोणी माणूस उठून एकाकडचे दुसऱ्याकडे नेऊन देईल तेव्हाच व्यवहार घडायचा. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती हसतात. त्यांच्या हातातला फोन बसल्या जागी साऱ्या जगाशी बोलतो. यंत्रांची एकमेकांशी ओळख करून देण्याचे काम एके काळी घरोघरी, कात्री आणि पक्कड घेऊन करावे लागे, यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

आमच्या घरात हे काम २००१ सालच्या वैशाखात झाले. आमचे गाव संगमनेर. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. प्रवरा आणि म्हाळुंगी या दोन नद्यांच्या संगमावरून गावाला नाव मिळाले. पण गावाचे नाव संगम म्हणून घराघरांतले संगम टिकतातच असे नाही. आमच्या वाड्याची १९९६ साली वाटणी झाली. पुढचा भाग आमच्याकडे आला, मागचा धाकट्या दिरांकडे गेला आणि मधल्या चौकात विटांची एक भिंत उभी राहिली. वाटणी कशावरून झाली, हे मला आज कोणी विचारले तर नीट सांगता येणार नाही. जमिनीवरून नाही, दागिन्यांवरून नाही. कोणी तरी कोणाला काही तरी बोलले, आणि ते दुसऱ्याने सोडले नाही, एवढेच. भिंत बांधून झाल्यावर मात्र दोघे भाऊ कामापुरतेही बोलेनासे झाले.

गंमत अशी, की पोट दोघांचे एकाच कागदावर चालत होते. पुढच्या सोप्यात माझा टंकलेखनाचा वर्ग होता. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मुलेमुली तिथे ठकठक करीत. पुढे काळ ओळखून आम्ही एक संगणक आणि कर्ज काढून एक लेसर छपाईयंत्र घेतले. मागच्या घरी भाऊजी लग्नपत्रिका जुळवून देत. त्यांचा हात त्या कामात फार चांगला. ‘श्रीलिपी’तली अक्षरे, वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, असे सगळे ते तासाभरात उभे करीत. पण ते कागदावर उतरवायचे तर छपाईयंत्र भिंतीच्या अलीकडे! मग भाऊजी काम फ्लॉपीवर चढवीत आणि पुतण्या ती खिशात घालून मागच्या दाराने निघे, गल्लीला वळसा घाली आणि पुढच्या दाराने माझ्याकडे येई.

ज्यांनी फ्लॉपी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: तळहातात मावणारी ती चौकोनी चकती १.४४ मेगाबाइट एवढाच मजकूर पोटात घेई. आज फोनवर काढलेला एक फोटोही तिच्यात बसायचा नाही. गणपतीचे चित्र जरा ठसठशीत घेतले, की पत्रिकेचे दोन-तीन तुकडे करावे लागत. त्यातून वैशाखातली धूळ आणि ऊन. भिंतीपलीकडे नीट वाचता आलेली फ्लॉपी भिंतीअलीकडे येईपर्यंत मुकी होई. त्या वर्षी लग्नसराईत एका दिवसात तीन फ्लॉप्या अशा गेल्या. वधूपिता सोप्यात घाम पुशीत बसलेला, मुहूर्त सहा दिवसांवर आलेला, आणि पुतण्या चौथी फेरी घालतो आहे! तो गृहस्थ अखेर उठून दुसरीकडे गेला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. छपाईयंत्राच्या कर्जाचा हप्ता महिन्याच्या दहा तारखेला भरायचा असे, आणि मागच्या घरी तर लग्नसराईच्या चार महिन्यांवर वर्षाचे धान्य भरले जाई. तेव्हा ही नुसती गैरसोय नव्हती. दोन्ही चुलींचा प्रश्न होता.

नगरच्या एका दुकानदाराने दोन्ही संगणक जोडून देण्याचा खर्च सांगितला. त्यासाठी ‘हब’ नावाची एक पेटी घ्यावी लागेल, तारा त्याच्या, माणूस त्याचा. आकडा ऐकून आमचे ‘हे’ म्हणाले, “त्यात एक म्हैस येईल.” पुतण्या तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो म्हणाला, “काकू, दोनच संगणक आहेत ना? मग पेटी कशाला? तार मी करतो.” त्याने दोन लॅन कार्डे आणली, पंधरा मीटर केबल आणली, काचेसारखी पारदर्शक टोके मूठभर आणली आणि ती टोके दाबून बसवायची पक्कड एका मित्राकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणली.

मी वाती वळीत बसले होते. त्याने माझ्यासमोर बसून केबलीची राखाडी साल सोलली. आत आठ तारा निघाल्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार, आणि प्रत्येकीची एक पांढरी पट्ट्यांची जोडीदारीण. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. मला वाटले, हा पीळ बांधणीसाठी असेल, दोरीला असतो तसा. तो म्हणाला, “नाही काकू. पीळ सुटला की गोंगाट शिरतो.”

मग त्याने समजावून सांगितले ते मला अजून पाठ आहे. जोडीतल्या एका तारेतून जो संकेत जातो, त्याचाच उलटा संकेत दुसरीतून जातो. पलीकडचे यंत्र त्या दोहोंमधला फरक तेवढा वाचते. वाटेत पंख्याचा, मिक्सरचा, विजेच्या दिव्याचा उपद्रव व्हायचाच. पण दोघी एकमेकींभोवती वळलेल्या असल्याने कधी ही बाहेरच्या अंगाला असते, कधी ती. तो उपद्रव दोघींना सारखाच सोसावा लागतो. फरक काढताना सारखे ते सारखे वजा होते, आणि बोलणे तेवढे शिल्लक राहते. ही युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची. तिचे पेटंट त्याला १८८१ साली मिळाले. चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो; कोणाचा घट्ट, कोणाचा सैल, म्हणजे शेजारच्या जोडीचे बोलणे आपल्या कानात शिरत नाही. टोकाशी तारा बसविताना पीळ उकलावा लागतो, तो तेरा मिलिमीटरहून अधिक उकलायचा नाही. मी हातातल्या वातीकडे पाहिले. तिलाही पीळ सैल पडला तर ती तेल नीट ओढीत नाही. विद्या कुठली का असेना, ती शेवटी बोटांतूनच यावी लागते.

पुतण्याने महाविद्यालयात शिकविल्याप्रमाणे आठ तारा ओळीने लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या दोघींच्या मध्ये निळी जोडी आलेली पाहून मी म्हटले, “या दोघींची ताटातूट कशाला?” तर म्हणे मधली जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीची आहे, ती तशीच राखून बाकीच्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना बसायचे. म्हणजे वडीलधाऱ्याचा पाट यंत्रातही राखून ठेवलेला!

टोके दाबून झाली. पण तार पलीकडे जाणार कशी? मध्ये भिंत होती, आणि भिंत सामायिक होती. पुतण्याने दोन्ही घरी विचारले. भाऊजी म्हणाले, “भोक पाडायचं तर त्यांच्या बाजूनं पाडा.” आमचे हे म्हणाले, “भिंत दोघांची आहे. निम्मं भोक त्यानं पाडावं.” अर्धे भोक म्हणजे काय, याचा विचार करीत पोर दोन्ही घरांमध्ये हेलपाटे घालीत राहिले. सासूबाई सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने मागे असत. त्या वेळी पाळी आमच्याकडे होती. त्या जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, “वाड्याला भिंत घातलीत तेव्हा मला विचारलं नाहीत. आता भोक मी सांगते म्हणून पाडा.” संध्याकाळी वायरमन येऊन भोक पाडून गेला. मजुरी सासूबाईंनी आपल्या पिशवीतून दिली.

तार पलीकडे गेली. दोन्ही टोके दोन्ही यंत्रांत बसली. पण दिवा लागला नाही. कार्डाच्या मागे एक इवलासा हिरवा दिवा असतो. तार जुळली की तो लागायचा. पुतण्याने टोके कापून नवी बसविली, तरीही नाही. दुसऱ्या दिवशी तो वरच्या वर्गातल्या कोणाला विचारून आला आणि कपाळाला हात लावून हसत बसला. दोष हातात नव्हता, रचनेत होता. संगणकाच्या खोबणीत पहिली आणि दुसरी तार बोलण्याची असते, तिसरी आणि सहावी ऐकण्याची. दोन्ही टोके सारखी केली तर याच्या बोलण्याच्या तारा त्याच्या बोलण्याच्या तारांना जाऊन भिडतात आणि ऐकण्याच्या ऐकण्याच्यांना. म्हणजे तोंडाला तोंड आणि कानाला कान! हबची पेटी असली की ती पोटातल्या पोटात ही उलटापालट करून घेते. म्हणून महाविद्यालयात सरळ तार चालत होती. पेटी नसेल तर ती उलटापालट तारेनेच करावी लागते. एका टोकाशी नारिंगी जोडीच्या जागी हिरवी आणि हिरवीच्या जागी नारिंगी, बस्स! याचे तोंड त्याच्या कानाशी जाते, त्याचे याच्या.

सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे या घरात पाच वर्षं चाललंय तेच की. दोन्हीकडं तोंडंच.”

पुतण्याने एकच टोक कापले आणि रंग बदलून पुन्हा दाबले. मी विचारले, “दुसरंही बदलायला नको का?” तो म्हणाला, “दोन्ही बदलली तर तार पुन्हा सरळच होईल, काकू. एकानंच बदलायचं असतं.” त्याने टोक खोबणीत बसविले, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना हिरवे दिवे लागले.

पुढे पत्त्यांचे काम निघाले. एका यंत्राला त्याने १९२.१६८.०.१ असा आकडा दिला आणि दुसऱ्याला शेवटी २. पहिले तीन आकडे सारखे म्हणजे गल्ली एक. शेवटचा निराळा म्हणजे दार वेगळे. मी विचारले, हा आकडा जगात आणखी कोणाचा असला तर? तो म्हणाला, हजारो घरांत हाच असतो. १९९४ साली असे काही आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवले. ते उंबऱ्याबाहेरच्या जाळ्यात चालत नाहीत. मला ते लगेच पटले. ‘बाळू’, ‘ताई’, ‘नाना’ ही नावे घरोघर असतात. घरात हाक मारली की बरोबर माणूस ओ देतो, आणि शाळेच्या दाखल्यावर ती कोणी लिहीत नाही. शेवटी दोन्ही यंत्रांचा ‘गट’ एकच आहे हे सांगण्यासाठी एक नाव टाकायचे होते. पुतण्याने न विचारता आमचे आडनाव टाकले. पडद्यावर ‘नेटवर्क नेबरहूड’ नावाचे चित्र होते. ते उघडले तर आत दोन संगणक ओळीने उभे, वर एकच आडनाव. नेबरहूड म्हणजे शेजार. वाटणीनंतर त्या घराला इतक्या सरळपणे शेजार म्हणणारे पहिले कोणी भेटले असेल तर ते हे यंत्र!

ज्या पद्धतीने ही यंत्रे बोलतात तिला ‘ईथरनेट’ म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी तिची कल्पना मांडली. ईथर म्हणजे प्रकाशाला वाहून नेणारे एक सर्वव्यापी द्रव्य, असे जुने शास्त्रज्ञ मानीत. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ले यांच्या प्रयोगात त्याचा माग लागला नाही आणि पुढे शास्त्राने ते सोडून दिले. नाव तेवढे तारेला मिळाले. आपल्याकडच्या वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला होता, त्याची मला आठवण झाली. प्रथम एकाच जाड तारेवर पुष्कळ यंत्रे बसविलेली असत. नियम असा, की आधी कान देऊन ऐकायचे. कोणी बोलत नसेल तर बोलायचे. आणि दोघे एकदम बोलले तर दोघांनीही गप्प बसून, प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबून, मग पुन्हा प्रयत्न करायचा.

हा नियम ऐकून मला माझे माहेर आठवले. माहेर श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांना बारमाही आधार मिळाला. पण पाणी एक आणि शेते अनेक, म्हणून पाळी आली. वडील रात्री कंदील घेऊन दारे धरायला जात, तेव्हा आधी चारीच्या काठाशी उभे राहून वर कोणाचे दार उघडे आहे याचा कानोसा घेत. कॅलिफोर्नियातल्या विद्वानांनी यंत्रांना शिकविलेली रीत आमच्या पाटावर फावड्याच्या धाकाने का होईना, पाळली जात होती. आमच्या पंधरा मीटरच्या तारेवर मात्र दोघेच. बोलण्याची जोडी वेगळी, ऐकण्याची वेगळी. तिथे पाळीचीही गरज उरली नव्हती.

लग्नसराईचे उरलेले दिवस बरे गेले. भाऊजी मागे बटण दाबीत आणि माझ्या सोप्यात पत्रिका गरम गरम बाहेर पडे. गेलेल्या तिघांपैकी एक जण धाकट्या मुलीच्या लग्नाला परत आला. कर्जाचा हप्ता चुकला नाही.

आणखी एक गोष्ट घडली. ती पुतण्याने योजून केली की सहज, हे त्याने अजून सांगितलेले नाही. त्या यंत्रांत चिठ्ठ्या पाठविण्याची एक सोय होती, ‘विनपॉपअप’ नावाची. ती त्याने दोन्हीकडे सुरू करून ठेवली. पहिली चिठ्ठी मागून आली: ‘कागद संपला का?’ मी वर्गात गुंतले होते. ह्यांनी चष्मा लावला, एका बोटाने अक्षरे शोधीत उत्तर दिले: ‘भरला.’ पाच वर्षांतले भावांमधले ते पहिले संभाषण! मग ‘शाई फिकी येते’, ‘हलवून घातली’, ‘पन्नास जादा काढा’ असे चालू झाले. तोंडाने बोलताना जुना सूर आड येतो. त्या चौकोनी चिठ्ठीत सूरच नव्हता. मजकूर तेवढा राहिला होता. बाहेरचा गोंगाट वजा होऊन बोलणे उरते, ते कसे, हे मी तेव्हा दुसऱ्यांदा पाहिले. त्या दिवाळीत, नरकचतुर्दशीला सकाळी, पडद्यावर इंग्रजी अक्षरांत चार शब्द उमटले: ‘दादा, फराळाला या. आई.’ सासूबाईंना इंग्रजी येत नव्हते आणि त्या दिवशी तर त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून चकल्या मोडीत होत्या. ह्यांनी चिठ्ठी वाचली, आतल्या दाराकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता टोपी घालून गल्लीला वळसा घालून गेले.

दोघे भाऊ त्यानंतर पूर्वीसारखे झाले, असे मी म्हणणार नाही. भिंत कोणी पाडली नाही. पण आजारपणात, लग्नकार्यात, पिकाच्या गोष्टीत दार उघडे राहिले. संसारात एवढे मिळाले तरी पुष्कळ असते.

आता तशी उलटी तार कोणी करीत नाही. आमच्या घरात ती तार ओढली गेली तेव्हाच परदेशात एचपी कंपनीच्या अभियंत्यांनी काढलेली एक युक्ती यंत्रांत येऊ लागली होती. त्यामुळे सरळ तार लावली तरी यंत्र आपण होऊन समजून घेते. ते आधी बोलून पाहते. पलीकडून ओळख पटली नाही तर आपले तोंड आणि कान आपणच अदलून बघते. पण यातही एक मेख आहे. दोन्ही यंत्रांनी एकाच क्षणी अदलाबदल केली तर फजिती तीच, पुन्हा तोंडाला तोंड. म्हणून प्रत्येकाने किती वेळाने बदलायचे ते दैवावर सोडलेले असते, म्हणजे केव्हा तरी एक जण बदललेला आणि दुसरा तसाच, अशी गाठ पडते. यंत्राला ही अदलाबदल जड जात नाही. ‘मीच का?’ असे ते विचारीत नाही.

टंकलेखनाच्या परीक्षाही आता संगणकावर होतात; माझी जुनी यंत्रे माळ्यावर आहेत. पुतण्या पुण्याला असतो. सासूबाई गेल्या. भिंतीतले भोक मात्र बुजविलेले नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी माझी सून त्यातून रंगीत दिव्यांच्या माळेची वायर मागच्या घरी सोडते आणि पलीकडून जाऊबाई ती ओढून घेतात. बटण आमच्या सोप्यात आहे. ते दाबले की दोन्ही अंगणे एकदम उजळतात. वीज कोणाच्या मीटरवर चढते, हा प्रश्न अजून कोणी काढलेला नाही.